पायॉन, केऑन, प्रोटॉन वेगळे करणारं अ‍ॅलिस: कुठे विसंबावं, कुठे पडताळून घ्यावं

प्रोटॉनवर प्रोटॉन आदळल्यावर मधल्या भागात जे विद्युतभारित कण उडतात, त्यांत पायॉनांची रेलचेल असते. एलएचसी या सर्नच्या कणवेगवर्धकाच्या ऊर्जांना शंभर पायॉनांमागे केऑन बाराएक आणि प्रोटॉन पाच-सहा, असं साधारण प्रमाण पडतं. हे तिन्ही वेगळे ओळखून प्रत्येकाचा आडव्या संवेगानुसारचा स्पेक्ट्रम (झोताला काटकोनात किती संवेग असलेले किती कण, याचा आलेख) काढायचा असेल, तर सर्नमधल्या अ‍ॅलिस या प्रयोगाइतकी तयारी एलएचसीवरच्या दुसऱ्या कुठल्याच प्रयोगाकडे नाही. पायॉन ०.१ जीईव्ही/सी (संवेगाचं एकक) पासून, केऑन ०.२ पासून, प्रोटॉन ०.३ पासून, आणि वरच्या टोकाला २० जीईव्ही/सी: एवढा पल्ला एकाच चुंबकाच्या पोटात गाठलेला आहे.

मात्र तो पल्ला कुठलाही एक डिटेक्टर एकट्याने गाठत नाही. चार-पाच पद्धती आपापला टप्पा सांभाळतात आणि शेवटचा स्पेक्ट्रम त्या जोडून तयार होतो. आमच्या मते या यंत्रणेची खरी किंमत तिच्या सांध्यांत आहे. दोन डिटेक्टर वेगळ्या भौतिक तत्त्वांवर चालून एकाच संवेगाला तोच आकडा सांगत असतील, तर तो आकडा बिनधास्त घ्यावा. जिथे साक्षीला दुसरा कोणी नाही, तिथे सुबक दिसणाऱ्या आलेखावरही विसंबू नये. पुढचं परीक्षण याच कसोटीवर केलं आहे.

तत्त्व सोपं आहे. चुंबकीय क्षेत्रात ट्रॅक किती वाकला यावरून संवेग कळतो, वेग दुसऱ्या मार्गाने मोजायचा, आणि दोन्ही मिळून वस्तुमान ठरतं. पायॉनचं १३९.६ एमईव्ही, केऑनचं ४९३.७, प्रोटॉनचं ९३८.३. वेग मोजायचे मार्ग तीन: पदार्थातून जाताना गमावलेली ऊर्जा, उड्डाणाला लागलेला वेळ आणि चेरेन्कॉव्ह प्रकाशाचा (माध्यमातल्या प्रकाशाहून वेगवान कण सोडतो त्याचा) कोन. संवेग वाढला की तिन्ही कणांचे वेग प्रकाशवेगाला चिकटतात आणि फरक मिटत जातो. सगळी अडचण इथून सुरू होते.

चुंबक ०.५ टेस्लाचा आहे, एलएचसीवरच्याच सीएमएस प्रयोगाच्या ३.८ टेस्लापुढे फारच सौम्य. तो मुद्दाम तसा ठेवला आहे. क्षेत्र जितकं कमी, तितके मंद कण बाहेरच्या थरांपर्यंत पोहोचतात. वक्रतेची त्रिज्या मीटरमध्ये काढायची तर जीईव्ही/सीमधल्या आडव्या संवेगाला ०.१५ ने भागायचं. टीओएफ (उड्डाणकाल मोजणारा डिटेक्टर) झोताच्या आसापासून ३.७ मीटरवर असल्याने तिथे पोहोचायला वर्तुळाचा व्यास निदान तेवढा हवा, म्हणजे आडवा संवेग निदान ०.२८ जीईव्ही/सी. टीओएफचा आलेख त्याखाली रिकामा का, याचं उत्तर या भागाकारात आहे. तिथे बिघाड शोधत बसू नये.

आतून बाहेर जाऊ. एलएचसीच्या पहिल्या दोन कालखंडांतल्या (२००९ ते २०१८) आयटीएस या सर्वांत आतल्या डिटेक्टरमध्ये सिलिकॉनचे सहा थर होते: दोन पिक्सेलचे, दोन ड्रिफ्टचे, दोन स्ट्रिपचे. पिक्सेल फक्त 'लागलं की नाही' एवढंच सांगतात. बाहेरचे चार थर जमा झालेला प्रभारही नोंदवतात, म्हणून ऊर्जाक्षयाची मोजमापं जास्तीत जास्त चार मिळतात. ऊर्जाक्षयाच्या (लँडाउ) वितरणाला मोठ्या मूल्यांकडे लांब शेपटी असल्याने चारांपैकी सर्वांत लहान दोहोंची सरासरी घेतात. तीनच असतील तर भारित सरासरी. अचूकता दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. ती फार नाही, पण ०.१ जीईव्ही/सीच्या पायॉनला टीपीसीत (आयटीएसच्या बाहेरचा, वायूने भरलेला मोठा डिटेक्टर) जेमतेम वळसा मिळतो, तेव्हा आयटीएसच्या एकट्या ट्रॅकिंगशिवाय तिथे कोणी कामाचं नाही. ७ टीईव्हीच्या मोजमापात या पद्धतीने पायॉन ०.७ पर्यंत, केऑन ०.६ पर्यंत आणि प्रोटॉन ०.६५ पर्यंत घेतले होते. मर्यादा योग्य आहेत. त्यापुढे पट्टे इतके मिसळतात की केऑनच्या उत्पादनात पायॉनची शेपटी मोजली जाते.

२०२२ पासून सुरू झालेल्या तिसऱ्या कालखंडात आयटीएस नवा आहे: सात थर, सगळे पिक्सेलचे, साडेबारा अब्ज पिक्सेल. टकरीचा बिंदू आणि ट्रॅकचं त्यापासूनचं अंतर आता कितीतरी नेमकं मिळतं, दुय्यम कण वेगळे काढणं सुकर झालं आहे. बदल्यात आयटीएसची ऊर्जाक्षयाची मोजणी गेली. अगदी कमी संवेगाच्या स्पेक्ट्रमसाठी हा तोटा खरा आहे, आणि नव्या विदेवर काम सुरू करणाऱ्याने तो आधीच हिशेबात धरावा.

टीपीसी हा या सगळ्याचा कणा. आतली त्रिज्या ८५ सेंटिमीटर, बाहेरची सुमारे अडीच मीटर, लांबी पाच मीटर, मधोमध उणे एक लाख व्होल्टचा इलेक्ट्रोड आणि दर सेंटिमीटरला ४०० व्होल्टचं क्षेत्र. सुटे झालेले इलेक्ट्रॉन टोकापर्यंत सरकायला सुमारे ९० मायक्रोसेकंद घेतात. पहिल्या दोन कालखंडांत एका ट्रॅकला जास्तीत जास्त १५९ बिंदू मिळत. त्यांतले सर्वांत लहान साठ टक्के घेऊन केलेली सरासरी म्हणजे त्या ट्रॅकचा ऊर्जाक्षय, अचूकता पाच-सहा टक्के. वायूच्या डिटेक्टरकडून याहून चांगली अपेक्षा करणं वाजवी नाही.

ऊर्जाक्षयाच्या रेषा एकमेकींना ओलांडतात. केऑनची रेषा इलेक्ट्रॉनला ०.५ जीईव्ही/सीच्या आसपास छेदते, पायॉनला १ च्या आसपास, आणि प्रोटॉन-पायॉनचा छेद त्याच्याही पुढे. छेदाच्या जागी चार गाउस (घंटेच्या आकाराचे) वक्र बसवणारा प्रोग्राम उत्तर देतोच, काय-स्क्वेअरही (जुळणीचा निर्देशांक) छान दाखवतो, पण केऑन आणि इलेक्ट्रॉन यांची वाटणी तो मनानेच करत असतो. ०.४ ते ०.६ च्या खिडकीत केऑनचा स्पेक्ट्रम किंचित फुगलेला दिसला, तर पहिला संशय इलेक्ट्रॉनांवर घ्यावा. उपाय शेजारीच आहे. त्या संवेगाला इलेक्ट्रॉन आणि केऑन टीओएफपर्यंत सुमारे पाच नॅनोसेकंदांच्या फरकाने पोहोचतात, तेव्हा टीओएफचा सैलसा काप लावला तरी इलेक्ट्रॉन बाजूला होतात.

साधारण ३ जीईव्ही/सीच्या पुढे टीपीसी पुन्हा उपयोगी पडते. सापेक्षतावादी चढावर पायॉन सर्वांत वर, खाली केऑन, त्याखाली प्रोटॉन, असा क्रम २० जीईव्ही/सीपर्यंत टिकतो. पायॉन ओळखू येतो. केऑन आणि प्रोटॉन मात्र इतके जवळ असतात की एकेका ट्रॅकवर नाव लिहिता येत नाही, सगळ्यांचं मिळून वितरण घेऊन त्यातला वाटा काढावा लागतो. यात सरासरी आणि रुंदी मोकळी सोडली की खेळ संपला. ती बाहेरून बांधून घ्यायची: के-शॉर्ट या अल्पायुषी कणाच्या विघटनातून आलेले पायॉन, लॅम्ब्डा या कणातून आलेले प्रोटॉन, फोटॉनच्या रूपांतरणातून आलेले इलेक्ट्रॉन. या कणांची ओळख विघटनाच्या भूमितीवरून पक्की असते, ऊर्जाक्षय बघावाच लागत नाही. हे बंधन ईटाच्या (ट्रॅकच्या झोताशी असलेल्या कोनाचं माप) प्रत्येक भागासाठी स्वतंत्र घ्यावं, कारण सरकण्याचं अंतर आणि ट्रॅकची वायूतली लांबी ईटाबरोबर बदलते. एवढं करूनही सर्वांत मोठी अनिश्चितता केऑनच्याच वाट्याला येते: त्याच्या एका बाजूला पायॉनांचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला प्रोटॉन.

देखभालीबद्दल थोडं. वायूचा दाब आणि तापमान बदललं की प्रवर्धन बदलतं, म्हणून काळानुसार दुरुस्ती हवीच. पॅडांचं आपापसातलं प्रमाणीकरण वायूत क्रिप्टॉन-८३ सोडून होतं. आणखी एक दगा म्हणजे इतर टकरींचा साचलेला प्रभार. सेकंदाला एक लाख टकरी होत असतील, तर ९० मायक्रोसेकंदांत सरासरी नऊ टकरींचे ट्रॅक एकाच वायूत तरंगत असतात, आणि त्यांच्यामुळे सिग्नलची पायाभूत पातळी हलली की ऊर्जाक्षयही हलतो. जास्त गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या रनमधले एन-सिग्माचे (अपेक्षित मूल्यापासूनचं अंतर, अचूकतेच्या म्हणजे सिग्माच्या पटीत) मध्य एकमेकांवर ठेवून पाहिले की हे लगेच दिसतं. नव्या टीपीसीत वायर काढून जेमचे (बारीक छिद्रांचे प्रवर्धक पडदे) चार थर बसवले आहेत आणि वाचन अखंड चालतं. मोबदल्यात मागे झिरपणाऱ्या आयनांमुळे ट्रॅक विकृत होतात आणि ती विकृती सतत दुरुस्त करावी लागते.

टीओएफ हा आमच्या दृष्टीने या संचातला सर्वांत मोलाचा भाग. एमआरपीसी या अरुंद वायूफटींच्या डिटेक्टरच्या १५९३ पट्ट्या, प्रत्येकीवर ९६ पॅड, मिळून १,५२,९२८ वाहिन्या. प्रत्येक पट्टीत अडीचशे मायक्रॉनच्या दहा वायूफटी. एकूण अचूकता आधी ८० पिकोसेकंदांच्या आसपास होती, प्रमाणीकरण सुधारल्यावर ती ५६ पर्यंत उतरली. आकड्यांत सांगायचं तर १ जीईव्ही/सीला पायॉन आणि केऑन ३.७ मीटरवर सुमारे १.३ नॅनोसेकंदांच्या फरकाने पोहोचतात. २.५ जीईव्ही/सीला हा फरक २२० पिकोसेकंद उरतो: ८० च्या अचूकतेने जवळपास तीन सिग्मा, ५६ च्या अचूकतेने जवळपास चार. केऑन-प्रोटॉनचा असाच तीन सिग्मांचा फरक ४ जीईव्ही/सीपर्यंत टिकतो. कागदावरचं वचन आणि प्रत्यक्षातली कामगिरी इतकी जुळणं कौतुकाचं आहे.

टीओएफची खरी परीक्षा सुरुवातीच्या वेळेत होते. उड्डाणकाल मोजायला टक्कर नक्की कधी झाली ते हवं. टी-झिरो डिटेक्टरने सिग्नल दिला तर उत्तम, पण प्रोटॉन-प्रोटॉनच्या कमी कणांच्या टकरीत तो अनेकदा गप्प असतो. मग टीओएफवर पोहोचलेल्या ट्रॅकांवरूनच वेळ काढतात. ट्रॅक दोन-तीनच असतील आणि ज्याची ओळख पटवायची तोच ट्रॅक वेळ काढायलाही वापरला, तर तो स्वतःच्याच बाजूने साक्ष देतो: वितरण खोटं अरुंद होतं आणि मध्य शून्याकडे ओढला जातो. म्हणून तपासला जाणारा ट्रॅक त्या गणनेतून वगळलाच पाहिजे. काहीच उपलब्ध नसेल तर प्रोटॉनांच्या पुंजक्यांच्या भेटीची ठरलेली वेळ धरतात, आणि पुंजक्याच्या लांबीमुळे तिथे सुमारे २०० पिकोसेकंदांचं ढिलेपण येतं. कणसंख्येनुसार गट पाडून विश्लेषण करणाऱ्याने हे नीट पाहावं. खालच्या गटात वेगळेपणा कमी आणि वरच्या गटात जास्त असेल, तर केऑन-पायॉन गुणोत्तरात दिसलेली चढण भौतिकशास्त्रातली की सुरुवातीच्या वेळेतली, हे सांगता येणार नाही.

टीओएफच्या सिग्नलला उजवीकडे घातांकी शेपटी असते. निव्वळ गाउस बसवला तर पायॉनची शेपटी केऑनच्या खात्यात जमा होते. शिवाय चुकीच्या पॅडशी जुळलेले ट्रॅक सगळीकडे पसरलेली पार्श्वभूमी देतात, तिचा स्वतंत्र नमुना फिटमध्ये असावा. आणि जुळणीची कार्यक्षमता सिम्युलेशनवरून आंधळेपणाने घेऊ नये. टीपीसी आणि टीओएफ यांच्यामध्ये टीआरडी हा आणखी एक डिटेक्टर आहे. २०१० मध्ये त्याचे अठरापैकी सातच विभाग बसले होते, पुढे सगळे भरले. ज्या वर्षी काही विभागांपुढे हे द्रव्य होतं आणि काहींपुढे नव्हतं, त्या वर्षाची विदा या कार्यक्षमतेची आयती परीक्षा घेते: दोन्ही प्रकारच्या विभागांतून दुरुस्तीनंतर तोच स्पेक्ट्रम निघतो का ते पाहायचं.

केऑनबाबत आणखी एक गोष्ट. त्याचं सीटाऊ (सरासरी आयुष्य गुणिले प्रकाशवेग) ३.७१ मीटर. ०.५ जीईव्ही/सीचा केऑन सरळ रेषेत गेला असं धरलं, तरी टीओएफपर्यंत दहापैकी चारच्याही आत पोहोचतात, बाकीचे वाटेत विघटित होतात. म्हणजे दुरुस्तीचा गुणक अडीच-तीनपटीचा, आणि त्यात जराशी चूक झाली तरी स्पेक्ट्रम हलतो. पण हेच विघटन एक स्वतंत्र पद्धत हाती देतं. टीपीसीच्या वायूत केऑनचा म्यूऑन झाला की ट्रॅकला कोन पडतो. मूळ दिशेला काटकोनात म्यूऑनला मिळणारा संवेग केऑनसाठी २३६ एमईव्ही/सीपर्यंत जातो, पायॉनसाठी फक्त ३० पर्यंत. १२० च्या वर काप लावला की पायॉन जवळपास नाहीसे होतात. या पद्धतीला ऊर्जाक्षयाचे छेदबिंदू ठाऊक नाहीत, सुरुवातीची वेळही नको. टीपीसी आणि टीओएफ दोन्ही जिथे केऑनबाबत अडखळतात, तिथली ही सर्वांत भरवशाची साक्षीदार आहे, आणि आळसापोटी ती वगळू नये. संख्या कमी मिळते, एवढीच तक्रार.

एचएमपीआयडी हा डिटेक्टर चेरेन्कॉव्ह प्रकाशाच्या वलयांवर चालतो. दीड सेंटिमीटर जाडीचं परफ्लुओरोहेक्झेन द्रव, सीझियम आयोडाइडचा लेप, सात विभाग, मध्य भागाच्या जेमतेम पाच टक्के व्याप. द्रवाचा अपवर्तनांक सुमारे १.३ असल्याने प्रोटॉनचा प्रकाश १.१ जीईव्ही/सीच्या पुढेच दिसतो. १.५ ते ४ पर्यंत पायॉन-केऑन आणि ६ पर्यंत प्रोटॉन, असा त्याचा उपयोग झाला. टीओएफ जिथे थकतो आणि टीपीसीचा चढ नुकता सुरू झालेला असतो, नेमकी तीच ही जागा. छोटा आहे, पण मोक्याच्या सांध्यावर बसला आहे.

आता कच्च्या संख्येपासून शेवटच्या आकड्यापर्यंतचा प्रवास. इथे चुका जास्त होतात आणि कमी दिसतात.

कमी संवेगाच्या प्रोटॉनांत बरेचसे टकरीतले नसतातच. काही लॅम्ब्डाच्या विघटनातून येतात (६४ टक्के लॅम्ब्डा प्रोटॉन आणि पायॉन देतात), तर काही झोताची नळी आणि सिलिकॉनमधून ठोकून बाहेर पडलेले असतात. टकरीच्या बिंदूपासून ट्रॅक किती दूरून जातो, याच्या वितरणावर तीन नमुने बसवायचे: प्राथमिक, विघटनातले, द्रव्यातले. द्रव्यातला नमुना प्रतिप्रोटॉनला जवळपास शून्य यायला हवा. तसा आला नाही, तर फिट विघटनातले आणि द्रव्यातले यांच्यात गोंधळतो आहे. अंतराचा काप खूप घट्ट ठेवला तर शेपटीच कापली जाते आणि नमुने वेगळे ओळखायला काही उरत नाही. फिट सैल कापावर करावा, मग मिळालेला वाटा घट्ट कापासाठी मोजावा.

'प्राथमिक' कशाला म्हणायचं, तेही आधी ठरवावं. ज्याचं सीटाऊ एक सेंटिमीटरहून जास्त आहे आणि जो थेट किंवा त्याहून अल्पायुषी कणांच्या विघटनातून आला आहे, तो प्राथमिक, अशी अ‍ॅलिसची व्याख्या आहे. त्यानुसार लॅम्ब्डातून आलेला प्रोटॉन वजा होतो. इतर प्रयोगांच्या काही जुन्या स्पेक्ट्रममध्ये तो वजा केलेला नाही. दोन आलेख एकमेकांवर ठेवण्यापूर्वी हे पाहिलं नाही, तर प्रोटॉनमध्ये मोठा फरक दिसतो आणि त्यात भौतिकशास्त्र काहीच नसतं.

प्रतिप्रोटॉन आणि ऋण केऑन द्रव्यात शोषले जातात. टीपीसीच्या मध्यापर्यंतचं द्रव्य विकिरण-लांबीच्या (द्रव्याची जाडी मोजायचं माप) सुमारे ११ टक्के आहे. जिआंट-३ या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये कमी संवेगाच्या प्रतिप्रोटॉनचं शोषण वाजवीहून जास्त धरलं जातं, म्हणून जिआंट-४ किंवा फ्लूकाच्या आधारे दुरुस्ती हवी. कसोटी हाताशी आहे: मध्य भागात प्रतिप्रोटॉन-प्रोटॉन गुणोत्तर ०.९ टीईव्हीला ०.९५७ आणि ७ टीईव्हीला ०.९९१ मोजलेलं आहे, आणि ते आडव्या संवेगानुसार जवळपास सपाट आहे. आपलं गुणोत्तर कमी संवेगाला वर-खाली वळत असेल, तर दुरुस्ती अपुरी आहे.

मंद प्रोटॉनसाठी आणखी एक दुरुस्ती लागते. ट्रॅकिंग पायॉनचं वस्तुमान धरून झालं असेल, तर प्रोटॉनने वाटेत गमावलेली ऊर्जा कमी मोजली जाते आणि त्याचा संवेग कमी भरतो. ०.३ ते ०.५ च्या खणांत याने ट्रॅक शेजारच्या खणात सरकतात.

चार-पाच पद्धतींचे स्पेक्ट्रम तयार झाल्यावर ते जोडताना भार फक्त स्वतंत्र अनिश्चिततांवरून ठरवावा. टीपीसीतल्या ट्रॅकिंगची अनिश्चितता बहुतेक पद्धतींत सामाईक असते. ती सरासरीत घातली तर खोटी लहान होते, म्हणून ती जोडणी झाल्यावर वरून लावायची. सामान्यीकरणाचंही तसंच: ७ टीईव्हीला सर्व अप्रत्यास्थ टकरींपैकी ट्रिगरने सुमारे ८५ टक्के पकडल्या, आणि त्या आकड्यातली अनिश्चितता तिन्ही स्पेक्ट्रमना एकत्र वर किंवा खाली ढकलते. केऑन-पायॉन गुणोत्तरात ती कटून जाते. मोजलेल्या टप्प्याच्या खाली लेव्ही-त्सालिस सूत्राने विस्तार करतात. पायॉन ०.१ पासून मिळत असल्याने तिथे विस्तार लहान असतो, हे श्रेय जुन्या आयटीएसचं.

पर्यायांकडे पाहिलं तर सीएमएसने फक्त सिलिकॉनमधल्या ऊर्जाक्षयावर ०.९, २.७६, ७ आणि १३ टीईव्हीला हे मोजमाप केलं आहे: पायॉन ०.१ ते १.२, केऑन ०.२ ते १.०५, प्रोटॉन ०.४ ते १.७ जीईव्ही/सी. ३.८ टेस्लात ०.१ जीईव्ही/सीचा ट्रॅक सतराएक सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात वळतो, तरी पिक्सेलचे आतले थर त्याला सापडतात. उड्डाणकालाची जोड नसताना एवढं साधणं मोठं काम आहे, आणि पूर्ण वेगळ्या यंत्राने केलेलं असल्याने अ‍ॅलिसच्या आकड्यांची ती उत्तम पडताळणी ठरते. एलएचसीबी या प्रयोगाचे चेरेन्कॉव्ह डिटेक्टर २ ते १०० जीईव्ही/सीपर्यंत ओळख देतात, पण पुढच्या दिशेला, ईटा २ ते ५ मध्ये. तिथला प्रश्नच वेगळा.

अ‍ॅलिसची प्रसिद्ध कोष्टकं हेपडेटा या संकेतस्थळावर मिळतात, आणि पायथिया किंवा ईपीओएस या मॉडेलांशी तुलना करणाऱ्याने ती तिथूनच घ्यावीत, आलेखावरून आकडे वाचू नयेत. कोष्टकात पद्धतशीर अनिश्चितता एकूण आणि स्वतंत्र अशी वेगळी दिलेली असेल, तर ती वेगळीच ठेवावी. गुणोत्तराचं कोष्टक उपलब्ध असताना दोन स्पेक्ट्रम भागून गुणोत्तर काढू नये: सामाईक अनिश्चितता दोनदा मोजली जाते आणि मॉडेल विदेशी जुळतं असा खोटा दिलासा मिळतो.